राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे : संगीत नाटक अकादमीची पूर्वकथा

दरबार गेले तेव्हा गवई कोठे गेला, हा प्रश्न आपल्या इतिहासग्रंथांत क्वचितच विचारला जातो. संस्थाने विलीन झाल्याचा आनंद आपण मानला, आणि तो योग्यच होता. धारूरकरांना तर निजामी राजवट संपल्याचा सप्टेंबर १९४८ विसरता येणार नाही. परंतु संस्थानांबरोबर बीनकाराचा तनखा गेला आणि गायकाचे वर्षासनही गेले. कलेचा भार आता कोणी उचलावयाचा?

या प्रश्नाची चाहूल दोन महाराष्ट्रीयांना फार आधी लागली होती. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले ते लोकांच्या बळावर. मैफलीच्या मिळकतीवर आणि वर्गणीवर विद्यालय चालवावे, हा त्यांचा बाणा. विद्येचा प्रसार अफाट झाला; पण पुढे मुंबईची त्यांची इमारत कर्जापायी गेली. १९३१ साली ते निवर्तले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापून कार्य चालू ठेवले.

दुसरे पं. विष्णु नारायण भातखंडे. पेशाने वकील, वृत्तीने संशोधक. त्यांनी दुसरी वाट धरली. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि संगीताची एक राष्ट्रीय अकादमी असावी, हा विचार तेथे मांडला गेला. पुढे दिल्ली, बनारस, लखनौ अशा परिषदा झाल्या. गायकांनी एकत्र बसून रागांच्या रूपांवर वाद घातले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु संस्थानिकांची आश्वासने म्हणजे कायमचा निधी नव्हे. दिल्लीची अकादमी कागदावरच राहिली. हाती आले ते १९२६ चे लखनौचे मॉरिस कॉलेज. १९३६ साली भातखंडे गेले, तेव्हा त्यांचा मोठा संकल्प अपुराच होता.

एकाला वर्गणी पुरली नाही, दुसऱ्याला राजेरजवाडे पुरले नाहीत. तो संकल्प पुरा करावयास स्वतंत्र भारताचे सरकार यावे लागले. शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांच्या कारकिर्दीत, मे १९५२ च्या ठरावाने संगीत नाटक अकादमी स्थापन झाली. २८ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी तिचे उद्घाटन केले. मद्रासचे मुख्य न्यायाधीश पी. व्ही. राजमन्नार हे पहिले अध्यक्ष झाले. संगीताबरोबर नृत्य आणि नाटकही तिच्या कक्षेत आले. १९५५ साली बालगंधर्वांना तिचा पुरस्कार मिळाला. १९५९ साली तिच्याच छत्राखाली राष्ट्रीय नाट्यविद्यालय उघडले.

तरीही कथा येथे संपत नाही. सरकारी तिजोरी कलेला पोसू शकते, पण कान तयार करू शकत नाही. आमच्या बालाघाटातला गोंधळी संबळावर काठी टाकतो, भारूड रंगवणारा पहाटेपर्यंत उभा राहतो; त्याला मानपत्राइतकीच समोर बसलेल्या माणसांची गरज असते. पुरस्कार दिल्लीने द्यावा, अनुदानही द्यावे. पण दाद गावानेच द्यावयाची असते. विष्णु दिगंबरांनी ओळखलेले लोकांचे बळ आणि भातखंड्यांनी इच्छिलेली संस्थेची घडी ही दोन्ही एकत्र नांदली, तरच राजाश्रय गेल्याची खंत करण्याचे कारण उरणार नाही.