खेळाडू कोणाचा? संस्थानी चाकरीपासून ना-हरकत दाखल्यापर्यंत

डिसेंबर १९४३. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला आणि ‘रेस्ट’ संघ १३३ धावांत गारद झाला. फॉलोऑननंतर त्या संघाने ३८७ धावा केल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या! बंधू विवेक यांच्यासमवेत त्यांनी ३०० धावांची भागी रचली. तीत विवेक यांचा वाटा होता २१. तरीही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला.

हजारे सांगलीचे. मग मर्चंटांच्या बलाढ्य हिंदू संघात ते का नव्हते? कारण ते ख्रिस्ती होते. त्या स्पर्धेत संघ धर्मावरून ठरत. १९३७ मध्ये ‘रेस्ट’ हा पाचवा संघ दाखल झाला नसता, तर जुन्या चौरंगी रचनेत या फलंदाजाला उभे राहण्यास जागाच नव्हती.

रणजी करंडकात धर्म विचारला जात नसे. तेथे प्रांत आणि चाकरी पाहिली जाई. १९३९-४० च्या हंगामात पुण्यात हजारे यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा केल्या, त्या बडोद्याविरुद्ध. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. आणि १९४१ मध्ये हजारे बडोद्याकडून खेळू लागले!

याला फितुरी म्हणणे अन्यायाचे ठरेल. क्रिकेटवर त्या काळी चूल पेटत नसे. संस्थानाची नोकरी हीच खेळाडूची शिष्यवृत्ती, तीच त्याचे निवृत्तिवेतन. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ मध्ये इंदूरच्या होळकरांच्या सेवेत गेले, तेही याच वाटेने.

मार्च १९४७ मध्ये बडोद्यात रणजीचा अंतिम सामना झाला : गायकवाड विरुद्ध होळकर. म्हणावयास ही दोन मराठा संस्थानांची झुंज. पण बडोद्यासाठी ५७७ धावांची विक्रमी भागी करणाऱ्यांत एक सांगलीचा, तर दुसरा लाहोरचा गुल महंमद. हजारे २८८, गुल महंमद ३१९. पुढे गुल महंमद पाकिस्तानकडूनही कसोटी खेळले.

भाऊसाहेब निंबाळकरांची कथा याहून बोचणारी. मूळ कोल्हापूरचे, बडोदा, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा अनेक संघांतून खेळले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामनाच सोडून दिला. एवढे संघ पालथे घालूनही निंबाळकरांना कसोटीची टोपी मिळाली नाही.

संस्थाने विलीन झाली, आश्रय आटला. १९५४-५५ नंतर होळकर हे नाव रणजीतून नाहीसे झाले. राजाची जागा संघटनेने घेतली आणि सनदेची जागा ना-हरकत दाखल्याने.

ही अडचण केवळ आपली नव्हे. अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये वरच्या श्रेणीच्या संघाला अनेक वर्षे जेमतेम ११.७ शिष्यवृत्त्या मिळत. त्या तुकड्यातुकड्यांनी २७ जणांत वाटल्या जात. २०२५ पासून, नव्या समझोत्यात सामील झालेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांवरील ती मर्यादा उठली. पण संघात ३४ च खेळाडू राहतील असे ठरले. पैशाचे दार उघडले, जागेचे अरुंद झाले. तेथील खेळाडू आता विद्यापीठ बदलून वर्षभर बाहेर न बसता खेळू शकतो. होळकरांच्या कारभाऱ्यांना हा बाजार लगेच उमगला असता!

आपल्याकडे आजही एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. मुंबईच्या गर्दीत जागा आक्रसली की खेळाडू दाखला मागतो. वसीम जाफर २०१५ मध्ये विदर्भाकडे गेले आणि विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ असे सलग दोन रणजी करंडक जिंकले. २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने गोव्यासाठी मुंबईकडे दाखला मागितला आणि महिन्याभरात तो बेत मागेही घेतला. ज्याच्या नावावर कसोटी शतके आहेत, त्याला अशी ये-जा परवडते.

मनमाड–छत्रपती संभाजीनगर लोहमार्गावरील लासूर स्टेशन हजारे यांच्या काळी निजामाच्या राज्यात होते. आज ते पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या क्षेत्रात येते. तेथल्या पोराला नागपूरकडून खेळायचे झाले, तर राज्य ओलांडावे लागत नाही. पण दाखला मात्र काढावाच लागतो.