दिनविशेष – ११ ऑक्टोबर
१७२४ : साखरखेर्ड्याची लढाई

बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळच्या परिसरातलं गाव, साखरखेर्डा. ३०० वर्षांपूर्वी दख्खनची सत्ता कुणाची, याचा निकाल इथल्या शिवारात लागला. दिल्लीची वजिरी सोडून दक्षिणेत आलेला निजाम-उल-मुल्क मोगल बादशहाला डोईजड वाटू लागला होता. त्याला आवरायला हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान पुढे झाला. बादशहाची फूस होतीच. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी मुबारिझखान रणात पडला. त्याचं मुंडकं निजामाने दिल्लीला पाठवलं, वर ‘बंडखोराचा बंदोबस्त केला’ अशी मखलाशीही केली. बादशहाने मुकाट्याने त्याला दख्खनची सुभेदारी दिली, पुढच्या वर्षी ‘असफजाह’ किताबही. हैदराबादचं राज्य नावापुरतं मोगली, कारभाराने स्वतंत्र झालं.

या झुंजीत निजामाच्या बाजूला होता पेशवा पहिला बाजीराव. पण दोन उगवत्या सत्ता एका दख्खनमध्ये कशा नांदणार? चौथाईवरून बिनसलं आणि १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडलं. मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने मराठ्यांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला.

निजामाने विजयाच्या खुशीत गावाला ‘फत्तेखेर्डा’ नाव दिलं. लोकांच्या तोंडी मात्र साखरच राहिली.