अनेक हातांचें लेखन

एकाच ग्रंथावर दहाजण एकाच वेळीं लिहूं लागले, तर कोणाचा मजकूर ठेवावा, कोणाचा गाळावा, आणि गाळलेला पुन्हां हवासा वाटल्यास कोठून आणावा, असा पेंच पडतो. मग लिहिणारे हजारों असले व देशोदेशीं विखुरलेले असले, तर काय होईल? लिनक्स या संगणक-आज्ञावलीच्या इतिहासांत हा पेंच फार बिकट झाला होता.

१९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं संगणकाचा कारभार चालविणाऱ्या आज्ञावलीचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. ज्याला दोष आढळे तो दुरुस्ती करून ई-मेलनें पाठवी. सारा मजकूर पाठवावा लागत नसे. कोणत्या ओळी काढल्या व कोणत्या घातल्या, एवढें टिपण पुरे. त्याला ‘पॅच’ म्हणतात. टॉरव्हाल्ड्स तो वाचून स्वतः जोडीत. पुढें काम वाढलें, हात मात्र दोनच राहिले. १९९८ च्या सुमारास कित्येक पॅच उत्तरावांचून गहाळ होऊं लागले आणि सहकारी चिडले. मोबदला न मागतां राबणाऱ्या माणसाला उपेक्षा अधिकच झोंबते.

२००२ मध्यें टॉरव्हाल्ड्स यांनीं ‘बिटकीपर’ हें साधन स्वीकारलें. त्यामुळें निरनिराळ्यांचे बदल एकत्र आणणें सोपें झालें व कामाला वेग आला. परंतु साधन एका खाजगी कंपनीचें होतें. विनामूल्य वापराची सवलत कंपनीच्या अटींवर मिळाली होती. सर्वांच्या मालकीची वही परक्याच्या कुलुपांत कां ठेवावी, असा आक्षेप तेव्हांच निघाला होता. २००५ मध्यें अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन आज्ञावलीकारानें बिटकीपरशीं जुळेल असें स्वतंत्र साधन लिहावयास घेतलें, आणि कंपनीनें ती सवलत बंद केली.

एप्रिलच्या आरंभीं टॉरव्हाल्ड्स स्वतः नवें साधन घडवूं लागले. ७ एप्रिलपासून तें साधन, म्हणजे ‘गिट’, आपलाच इतिहास नोंदवूं लागलें. जूनमध्यें लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ति त्याच्या साह्यानें निघाली. जुलैंत गिटची देखभाल जुनिओ हामानो यांच्या हातीं सोंपवून टॉरव्हाल्ड्स मूळ कामाकडे वळले.

गिटमध्यें प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरून गणितानें काढलेली चाळीस अंक-अक्षरांची खूण मिळे, आणि तींत आधींच्या नोंदीची खूणहि गुंफलेली असे. जुनें पान कोणीं गुपचूप बदललें, तर पुढील साऱ्या खुणा बदलून तें उघडकीस येई. शिवाय संपूर्ण इतिहास प्रत्येकाच्या घरीं असल्यामुळें एक प्रत नष्ट झाली तरी वही बुडत नाहीं.

तथापि मुख्य प्रतींत काय घ्यावें, हें गिट ठरवीत नाहीं. लिनक्सच्या प्रत्येक विभागास पालक नेमलेले आहेत. ते आलेली दुरुस्ती पारखतात, लिहिणाऱ्याच्या नांवाखालीं आपलें नांव घालतात आणि मग ती वर पाठवितात. चूक निघाली तर कोणाला विचारावें, हें त्या नांवांवरून कळतें. वहीची किल्ली आज सर्वांजवळ आहे. पण काय घ्यावें व काय नाकारावें, याची जबाबदारी माणसांवरच राहिली आहे.