तारेच्या पत्त्यापासून डीएनएसपर्यंत

संकेतस्थळ उघडत नाही आणि ब्राउझर ‘सर्व्हरचा पत्ता सापडला नाही’ असे कळवतो, तेव्हा ते संकेतस्थळ बहुधा जागेवरच असते. अडलेली असते ती नावावरून आयपी क्रमांक शोधून देणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस. ही अडचण संगणकाहून जुनी आहे.

1927 साली खडकीच्या केंद्रातून बिनतारी ‘बीम’ लहरींनी संदेश थेट इंग्लंडला जाऊ लागले. तिकडचे संदेश दौंडला घेतले जात. तारेचा दर शब्दागणिक होता आणि पत्त्यातील शब्दांचेही पैसे पडत. म्हणून पेढ्या तारघरात एकशब्दी नाव नोंदवून ठेवीत. ते नाव कोणाचे आणि ती पेढी कोणत्या रस्त्यावर, हे तारघराची नोंदवही सांगे. पेढी हलली आणि नोंद जुनीच राहिली, की समुद्र ओलांडून आलेली तार शेवटच्या गल्लीत अडे.

ही परदेशी दळणवळणाची व्यवस्था 1947 मध्ये सरकारकडे आली आणि 1986 मध्ये विदेश संचार निगम झाली. दिघीतील पाचशेहून अधिक एकरांचा विस्तीर्ण परिसर या निगमाचाच होता. 15 ऑगस्ट 1995 रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेही याच निगमाने.

इंटरनेटच्या पूर्वजाची, अर्पानेटची, नोंदवही मात्र कॅलिफोर्नियातील एकाच कार्यालयात होती. एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू ती सांभाळी आणि जाळ्यातील संगणक ती ‘होस्ट्स’ फाइल उतरवून घेत. यंत्रे वाढली, फाइल हाती येईतो शिळी होऊ लागली. 1983 मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नोंदवही वाटून टाकण्याची योजना मांडली. मूळ सर्व्हर फक्त ‘.इन’ कोणाकडे आहे ते सांगतो. पुढची चौकशी तिथे. ‘.इन’ 1989 चे. त्याची नोंदणी काही काळ मुंबईत जुहूच्या एनसीएसटीकडे होती आणि 2005 पासून ती सर्वांना खुली झाली.

बिघाड शोधताना इतिहासाचे हेच थर उकलावे लागतात. एकाच संगणकावर साइट उघडत नसेल, तर साठलेले जुने उत्तर पुसावे (विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’) आणि होस्ट्स फाइल पाहावी. फाइनलर यांच्या काळाचा तो अवशेष आजही प्रत्येक संगणकात आहे आणि सहसा डीएनएसच्या आधी वाचला जातो. घरच्या वायफायवर काहीच उघडत नाही पण मोबाइल डेटावर उघडते, तर राउटर किंवा सेवादात्याच्या डीएनएसवर संशय घ्यावा आणि 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 देऊन पाहावे. सर्व्हर नुकताच बदलला असेल, तर जुन्या उत्तराची मुदत संपेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही.

आणि नाव कुठूनच सापडत नसेल, तर आधी नोंदणीची मुदत तपासावी. दिघीशेजारच्या भोसरीतील एखाद्या छोट्या कारखान्याचे नाव असे सुटले, तर संकेतस्थळाबरोबर त्याच नावावरची ईमेलही थांबते, ऑर्डरी येईनाशा होतात. वाढीव मुदतही उलटली, तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो.