नळीत अडकलेला बुडबुडा

हवा पाण्यापेक्षा कितीतरी हलकी, तेव्हा पाण्यातला बुडबुडा वर चढणारच असे आपण धरून चालतो. पण तीन-चार मिलिमीटर व्यासाची काचेची नळी पाण्याने भरून, आत थोडी हवा ठेवून दोन्ही टोके बंद केली आणि नळी उभी धरली, तर बुडबुडा जागीच अडकून बसतो. दोन-अडीच सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मात्र तो सरसर वर जातो. असे का?

रुंद नळीचे गणित आधी सुटले. १९४३ साली डुमित्रेस्कू यांनी आणि १९५० साली डेव्हिस व जी. आय. टेलर यांनी ते मांडले. बुडबुड्याच्या गोल डोक्यावरचे पाणी भिंतीलगतच्या थरातून खाली घसरते, तेव्हाच त्याला वर जागा मिळते. वेग ठरतो तो या डोक्यापाशी. म्हणून लांब बुडबुडा वीतभर असो की हातभर, वेग तोच! गुरुत्वत्वरण आणि नळीचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याला सुमारे ०.३५ ने गुणायचे. २.५ सेंमी व्यासाला सेकंदाला सुमारे १७ सेंमी वेग येतो. मोकळ्या द्रवातल्या मोठ्या बुडबुड्यांसाठीही डेव्हिस-टेलर यांनी असेच सूत्र दिले. १९४५ च्या न्यू मेक्सिकोतील अणुस्फोटात आगीचा गोळा ज्या वेगाने वर चढला, तोही टेलर यांनी या सूत्राशी ताडून पाहिला.

अरुंद नळीत पृष्ठताण वरचढ ठरतो. १९६१ साली फ्रान्सिस ब्रेदरटन यांनी याची मर्यादा काढली. द्रवाची घनता, गुरुत्वत्वरण आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराला पृष्ठताणाने भागायचे; उत्तर ०.८४२ पेक्षा कमी आले, तर बुडबुडा आपणहून चढणार नाही. पाण्यासाठी ही मर्यादा सुमारे ५ मिमी व्यासाची आहे.

पण तो खरोखर थांबतो का? २०१९ साली स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ईपीएफएल संस्थेत धौआदी या पदवीच्या विद्यार्थ्याने जॉन कोलिन्स्की यांच्यासोबत प्रकाशाच्या व्यतिकरणाने हे तपासले. बुडबुडा आणि भिंत यांच्यामध्ये द्रवाचा अत्यंत पातळ थर सापडला. त्यातून द्रव कसाबसा झिरपतो आणि बुडबुडा डोळ्यांना जाणवणार नाही इतक्या संथपणे वर सरकत असतो. ‘हलताना दिसत नाही’ आणि ‘हलत नाही’ यांतला हा फरक!

वर्गात निरनिराळ्या व्यासांच्या स्वच्छ नळ्या घेऊन ही मर्यादा शोधता येईल. पाण्यात साबण मिसळला की पृष्ठताण कमी होतो. मग मर्यादा कोणत्या बाजूला सरकेल, हे मुलांनी सूत्रावरून आधी सांगावे आणि नंतर करून पाहावे.