उरवाईच्या मूर्तींपुढे थोडे थांबून

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आपल्यापैकी बहुतेकजण उरवाई दरवाजाच्या बाजूने मोटारीने चढतात. चढावर दोन्ही अंगांना कडे जवळ येतात आणि कड्यात कोरलेल्या उंचच उंच जिनमूर्ती दिसू लागतात. मोटार थांबते, पोरे उतरतात, मोबाईल वर होतात आणि दोन मिनिटांत सगळे पुन्हा मोटारीत. मीही वर्षानुवर्षे हेच केले. इथे लष्कर भागात आमची तिसरी पिढी. आजोबा सोलापूरकडून आले, वडिलांनी दुकान केले, मी दवाखाना टाकला. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला उरवाईत नेणे हा आमच्या घरचा रिवाजच होता. म्हणजे या मूर्ती मी निदान दीड-दोनशे वेळा पाहिल्या असतील. पण बघितल्या नव्हत्या.

हे कळले ते एका फजितीने. काही वर्षांपूर्वी याच व्याख्यानमालेत मी पडद्यावर उरवाईतल्या एका मूर्तीचे छायाचित्र दाखवले आणि ठासून सांगितले, "बाबराच्या तडाख्यातून वाचलेला हा पंधराव्या शतकातला मूळ चेहरा." टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी चित्रकलेच्या एक निवृत्त बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, त्या मूर्तीची मान बघितलीत का?" मी म्हटले, "मान?" "एकदा बाजूने बघून या," एवढेच त्या बोलल्या.

दुसऱ्या रविवारी उजाडताच गेलो. या वेळी मोटार खाली ठेवून पायी. समोरून तोच शांत चेहरा. डावीकडे तीसेक पावले सरकलो. सकाळचे तिरपे ऊन आडवे आले होते आणि त्यात हनुवटीखाली एक रेघ दिसली. रेघेच्या खाली वालुकाश्म, छिन्नीच्या खुणांचा. रेघेच्या वर गुळगुळीत चुना. चेहरा दगडाचा नव्हताच. समोरून काढलेल्या छायाचित्रात ही रेघ हनुवटीच्या सावलीत बुडते. माझे विधान समोरून खरे होते आणि बाजूने खोटे.

घरी येऊन कनिंगहॅमचा अहवाल उघडला. खरे तर तो आधी उघडायला हवा होता. 1864-65 च्या पाहणीत त्यांनी उरवाईच्या मूर्तींची मोजदाद केली आहे. तोमर राजा डूंगरसिंहाच्या काळातले, विक्रम संवत 1497 आणि 1510 चे, म्हणजे इसवी 1440 आणि 1453 चे शिलालेख त्यांनी नोंदले. आदिनाथाची मोठी उभी मूर्ती 57 फुटांची, तिचे नुसते पाऊल सुमारे 9 फूट लांब. आणि त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की फोडलेले चेहरे जैनांनी रंगीत गिलाव्याने पुन्हा घडवले. म्हणजे डागडुजी 1865 च्या आधीची. एका मानेवर तीन काळ: पंधराव्या शतकातली छिन्नी, सोळाव्या शतकातला घण आणि त्यानंतर कुणा गवंड्याची थापी.

घणाची हकीकत खुद्द बाबरानेच लिहून ठेवली आहे. 1528 च्या सप्टेंबरात तो ग्वाल्हेर पाहायला आला. मानसिंहाचा महाल त्याने बारकाईने पाहिला, बागा पाहिल्या, उरवाईत उतरला. जागा त्याला वाईट वाटली नाही, पण नग्न मूर्ती खटकल्या आणि त्या नष्ट करण्याचा हुकूम त्याने दिला. आपण शाळेपासून वाचतो, "बाबराने मूर्ती फोडल्या." उरवाईत जाऊन उभे राहा. मूर्ती आहेत. कड्याचाच भाग असलेली 57 फुटांची काया नष्ट करणे म्हणजे कडाच उतरवणे. हुकूम बजावणाऱ्यांनी बहुधा चेहरे आणि इतर अवयव फोडून काम उरकले असावे. हा माझा अंदाज, पण दगडावरच्या जखमा कुठे आहेत आणि कुठे नाहीत हे पाहिले की तोच सुचतो.

याच नोंदीतली एक गंमत सांगतो. बाबराने मोठ्या मूर्तीची उंची 20 गजांच्या आसपास, म्हणजे 40 फूट लिहिली. सतराएक फूट कमी! बाबराची नजर सहसा इतकी चुकत नाही, इमारतींचे वर्णन तो मोठे नेमके करतो. मग काय झाले? तुम्ही स्वतः करून पाहा. पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर करा. पाऊल अवाढव्य, गुडघे त्याहून लहान, मस्तक लिंबाएवढे. वरचा भाग आखडतो आणि मूर्ती बुटकी वाटते. आता जमेल तितके मागे, पलीकडच्या उतारावर या आणि कॅमेरा सरळ धरा. मूर्ती हळूहळू आपल्या उंचीला येते. बाबर पायथ्याशी उभा असावा असे म्हणायचा मोह होतो. छायाचित्रे समोर ठेवली की हसूही येते.

आम्हा होमिओपॅथीवाल्यांना हानेमानने शिकवले आहे की रोग्याला त्याच्या शब्दांत बोलू द्या, मध्ये तोडू नका, आधी ऐका, मग विचारा. ओपीडीत मी हे पाळतो, निदान पाळायचा प्रयत्न करतो. दगडापुढे मात्र मीच बडबडत होतो.

इथे एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. लाला दीनदयाळ, पुढे राजा दीनदयाळ. सरधन्याच्या जैन कुटुंबात 1844 साली जन्म, रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण, इंदुरात सरकारी नोकरी आणि तिथेच छायाचित्रणाचा नाद. तुकोजीराव होळकरांनी पाठीवर हात ठेवला. पुढे हैदराबादच्या निजामाने पदरी घेऊन किताब दिला. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद: आपल्या मंडळींच्या वस्तीचीच ही गावे! 1882 मध्ये लेपेल ग्रिफिनबरोबर मध्य भारतातल्या वास्तूंची छायाचित्रे काढत ते हिंडले, आणि 1886 मध्ये लंडनला निघालेल्या ग्रंथात ती छापली गेली. ग्वाल्हेरही त्यात आहे. त्याच 1886 मध्ये इंग्रजांनी किल्ला जयाजीराव शिंद्यांना परत केला. दीनदयाळांपाशी जड कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या प्लेटा. बटण दाबत सुटण्याची सोयच नव्हती. उन्हाची वाट पाहायची, जागा ठरवायची, मग एक प्लेट. आपल्या मोबाईलमध्ये हजार छायाचित्रे मावतात, पण ती सगळी एकाच जागेवरून काढलेली असतात.

आपल्याच माणसांपैकी मो. ब. गर्दे यांचेही स्मरण करायला हवे. 1913 साली निघालेल्या शिंदे सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे ते प्रमुख. गुजरी महालातले संग्रहालय त्यांनी उभे केले. अलीकडे मी आधी तिथे एक तास घालवतो. तिथे कुंपण नसलेली प्रत्येक मूर्ती तिन्ही बाजूंनी पाहता येते, त्याने डोळा तयार होतो. मग कडा.

एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. माझी आई त्या चेहऱ्यापुढे हात जोडायची. तो मूळचा नाही हे तिला सांगितले असते तर? ती आज नाही, पण मला वाटते ती विचारती, "मग कोणी केला?" विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे. 1440 च्या सुमाराच्या कारागिरांमागे राजाश्रय होता, श्रीमंत श्रावक होते, रइधूसारखा अपभ्रंशातला कवी त्या काळाच्या नोंदी ठेवत होता. चुन्याचा चेहरा घडवणाऱ्यामागे असे काही नाही. परातीत चुना घेऊन तो इतक्या उंचीवर चढला, फुटलेल्या दगडावर नाक-डोळे बसवले आणि खाली उतरला. काही ठिकाणी त्याचे प्रमाण थोडे चुकले आहे, ओठ जरा जाड झाले आहेत. बाजूने पाहिल्यावर ते कळते, आणि मला तो माणूसही तिथेच भेटतो.

तुम्ही जाल तेव्हा थंडीत जा, सकाळी लवकर. पहिली दहा मिनिटे कॅमेरा पिशवीतच ठेवा. एक छायाचित्र समोरून, एक डाव्या बाजूने, एक उजव्या बाजूने, एक पलीकडून. आणि जमल्यास तीच चार उतरत्या उन्हात. ज्या मूर्तींना चेहरे उरलेच नाहीत त्यांचीही काढा. त्यांच्यापुढे कोणी थांबत नाही, पण घणाचा नेमका घाव तिथेच उघडा दिसतो, चुन्याखाली झाकलेला नाही.

चित्रकलेच्या बाईंना मी दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी लावून नेऊन दिली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "आता छापलेले दुरुस्त करा." तर ज्यांच्याकडे आमच्या मालेची ती जुनी पुस्तिका असेल त्यांनी माझ्या व्याख्यानातल्या छायाचित्राखालची ओळ कृपया पेनाने खोडावी आणि तिथे लिहावे: देह पंधराव्या शतकातला, चेहरा नंतरचा, चुन्याचा, घडवणारा ग्वाल्हेरचा कोणी कारागीर.