वाइनच्या गावातला पाव

मार्च १७८७. बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांतून एक उंच, तांबूस केसांचा अमेरिकन तट्टावर बसून चालला होता. वाट दाखवायला दुसऱ्या तट्टावर तिथलाच एक शेतकरी. हे थॉमस जेफरसन, अमेरिकेचे फ्रान्समधले राजदूत. मोडलेलं उजवं मनगट दक्षिण फ्रान्समधल्या एक्सच्या गरम झऱ्यांत शेकायचं, हे प्रवासाचं सांगण्याजोगं कारण. झऱ्यांचा गुण काही आला नाही, आणि एक्समध्ये त्यांचा पायही फार टिकला नाही. २८ फेब्रुवारीला पॅरिस सोडलेले जेफरसन परतले ते थेट १० जूनला. नेहमीचे नोकर त्यांनी घरीच ठेवले होते. दिजाँला एक नवा माणूस घेतला, तेवढाच. एकट्याने फिरलं की डोकं जास्त चालतं, असं त्यांचं मत होतं.

पदरी स्वतःची घोडागाडी असलेल्या माणसाला गरीब प्रवासी म्हणता येणार नाही. पण नजर पक्क्या गिऱ्हाइकाची. शांबेर्तँची लाल वाइन दोन पिंपांना १२०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), तर व्होल्नेची जेमतेम ३००. चवीला दोन्ही सारख्याच, पण व्होल्नेची हलकी, फार दिवस न टिकणारी, म्हणून स्वस्त. पांढऱ्यात माँराशे १२०० ला आणि मर्सोची ‘गूत दोर’ १५० ला. हे सगळं त्यांनी वहीत उतरवलं आणि पुढे मागवली ती व्होल्ने आणि गूत दोर. बोनचे पिंपं बनवणारे कारागीर एतिएन पारां यांनी त्यांना मळे दाखवले, नंतर वर्षानुवर्षं वाइनही तेच पाठवत राहिले.

पण त्या वहीतली सगळ्यात मोलाची नोंद वाइनची नाहीच. पोमार आणि व्होल्नेत मजूर गव्हाचा चांगला पाव खात होते. शेजारच्या मर्सोत मात्र राय नावाच्या हलक्या धान्याचा. असं का, म्हणून त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं की पांढरी वाइन लालपेक्षा जास्त वेळा बिघडते, माल पडून राहतो, मग मालकाला मजुरांना बरं खाऊ घालणं परवडत नाही. मग लाल का करत नाहीत? मर्सोची जमीन त्यासाठी फारच खडकाळ.

मजुरांच्या ताटात असं डोकावणाऱ्या या गृहस्थांनी गुलाम म्हणून बाळगलेला जेम्स हेमिंग्ज त्याच काळात फ्रान्समध्ये त्यांच्यासाठी फ्रेंच स्वयंपाक शिकत होता. वहीतल्या नोंदी वाचताना हे विसरून चालत नाही.

पुढे दक्षिणेत त्यांनी गाडीची चाकं काढून ती मिदीच्या कालव्यात नावेवर चढवली. नाव ओढायला काठावरून घोडा. कंटाळा आला की उतरून काठाने पायी चालायचं. मे महिन्यात ते बोर्दोला पोचले. तिथे पहिल्या प्रतीचे म्हणून त्यांनी चार मळे लिहून ठेवले: मार्गो, ला तूर, ओ-ब्रियाँ, लाफित. १८५५ मध्ये बोर्दोच्या दलालांनी लाल वाइनची अधिकृत प्रतवारी केली, तेव्हा वरच्या पायरीवर हेच चार मळे होते. द्राक्षं तोडायला, वेली बांधायला, गोगलगायी वेचायला राबणाऱ्या बायकांना पुरुषाच्या निम्मी मजुरी मिळते, हेही वहीत आहे.

दुसऱ्या वर्षी युरोपात निघालेल्या दोन तरुणांना त्यांनी लेखी सूचना दिल्या. खाणावळीत गावठी वाइन मागवा. ती निर्भेळ असते आणि स्वस्त पडते. बाहेरची मागवलीत तर खाणावळवाला घरीच काहीतरी मिसळून अव्वाच्या सव्वा दाम लावेल.

सामान्य फ्रेंच कामगाराला असं भटकायची सोय व्हायला १९३६ उजाडलं. त्या वर्षी दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला आणि क्रीडा आणि विरंगुळा खात्याचे उपमंत्री लेओ लाग्रांज यांच्या पुढाकाराने रेल्वेचं ४० टक्के सवलतीचं तिकीट निघालं. १९३७ मध्ये दिजाँपासून दक्षिणेकडे जाणारा बर्गंडीचा वाइन-रस्ता आखला गेला. आता बोनहून सायकल घेतली की पोमार, व्होल्ने, मर्सो एका सकाळीत होतात. व्होल्ने आता स्वस्त राहिलेली नाही, आणि मर्सो तर जगातल्या महागड्या पांढऱ्या वाइनमध्ये गणली जाते. हात आखडता असलेला प्रवासी तिथे आलिगोते ही स्वस्तातली पांढरी वाइन मागवतो.